सुंदराने सांगितलेला सिनेमा

दिनांक ११ फेब्रुवारी १९३९, शनिवार, दुपारी साडेतीन. स्थळ: निपाणी, जुनं नाटकगृह, तिथे वर्षभरापासून सिनेमेही दाखवत. खेळ खास स्त्रियांसाठी. हजर: मी, म्हणजे मुलींच्या शाळेतली शिक्षिका आणि भगिनी मंडळाची चिटणीस; माझी धाकटी जाऊ सुंदरा; तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करणारी कोंडाबाई आणि तिच्याबरोबरच्या चाळीसेक बायका; वकिलांच्या यमुनाबाई; पोस्टमास्तरांच्या विधवा बहीण गोदाक्का; मंडळाच्या आणखी तीस सभासद. पुरुष दोन: थिएटरचे मालक बाबूराव आणि भिंतीपलीकडे मशीन चालवणारा. गैरहजर कोणी नाही.

हा कागद माझ्याच अक्षरातला आहे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची अशी नोंद मी ठेवते, आणि दर साल तंबाखूचा हंगाम सुरू झाला, खिडक्या बंद ठेवायचे दिवस आले, की कपाट उपसून जुने कागद लावायला घेते. परवा हा वर आला. बाकीचे जागच्या जागी गेले. हा मात्र हातात राहिला आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. असं माझ्या हातून सहसा होत नाही.

आता १९४७ चा फेब्रुवारी आहे. गाड्या पहाटेपासून येताहेत. कुर्लीकडून, आप्पाचीवाडीकडून, पार चिकोडीच्या वाटेने. तंबाखूचा वास नाकाला कळायच्या आधी घशाला कळतो. मग डोळ्यांना. मग वर्गात पहिली मुलगी शिंकते आणि कविता म्हणता म्हणता सगळा बाक शिंकतो. दोरीवरची लुगडी वाळून घरात येतात ती वास घेऊनच. परगावची सून या गावात पहिल्या हंगामात रडते, दुसऱ्यात कुरकुरते, तिसऱ्यात माहेरी गेली की तिला तिथली हवा फिकी लागते. बाजारात माणसं म्हणतात, यंदाचा हंगाम इंग्रजाच्या राज्यातला शेवटचा. बेळगावच्या कॅम्पातले गोरे पेट्या बांधायला लागले म्हणे. पेट्या म्हटलं की मला ती एक पेटी आठवते, आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळं.

त्या शनिवारी आम्हाला एक संतपट दाखवणार होते. मीच तो निवडला होता. बायकांच्या घरच्यांची संमती काढायची तर संताचंच नाव लागतं. सिनेमाची पत्र्याची पेटी कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीने यायची, टपावरून. त्या दिवशी टपावर दोन पेट्या होत्या. एक आमची, एक कॅम्पातल्या गोऱ्यांच्या थिएटरची. ड्रायव्हरने निपाणीच्या नाक्यावर हाताला लागली ती उतरवली आणि मोटार निघून गेली. बाबूरावांनी पेटी उघडली तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि बायका बसल्या होत्या.

"बाई, घोटाळा झाला," बाबूराव म्हणाले. "हा विलायती हाय. समदं इंग्रजीत."

"मग परत पाठवा."

"बायकांना परत पाठवू? कोंडाबाई आज अर्धा दिवस सोडून आलीया. ती मला सोडंल व्हय?"

पेटीत एक छापील कागद होता, त्यात गोष्टीचा सारांश. बाबूरावांनी तो माझ्या हातात दिला. गावात इंग्रजी वाचणारी बाई मी एकटी. मी कंदिलाशी उभी राहून दहा मिनिटांत तो वाचला, पात्रांची यादी केली, चार मुख्य प्रसंगांना आकडे घातले. गोष्ट अशी: विलायतेतल्या एका लहान गावात मढ्याच्या पेट्या करणारा एक सुतार. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी मोठ्या मेजवानीत त्याच्या बायकोची फजिती केली, तिने अंथरूण धरलं आणि ती गेली. मग हा सुतार अतिशय नम्रपणे त्या चौघांची एकेक करून मापं घेतो, पेट्या आधी करून ठेवतो आणि चौघांना त्यांच्या त्यांच्या खोडीनेच मरायला हातभार लावतो. आणि हा, कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, विनोदी चित्रपट आहे. संमती काढून आणलेल्या सत्तर बायकांपुढे मला हे सांगायचं होतं.

नाटकगृहाच्या खिडक्यांना उजेड अडवायला वखारीतली रिकामी गोणपाटं लावली होती. त्यांतून हंगामाची सगळी भुकटी झिरपत होती. पहिला गोरा पडद्यावर आला आणि पहिली शिंक आली. मी पडद्याच्या कडेला कंदील घेऊन उभी राहिले, तोंड बायकांकडे. त्यामुळे झालं काय, की मी तो सिनेमा फारसा पाहिलाच नाही. बघणाऱ्या बायका बघितल्या. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता आणि त्यांच्यासमोर मी बोलत होते.

"हे सद्गृहस्थ पेशाने सुतार असून," मी सुरुवात केली, "त्यांच्या पत्नीस मेजवानीचे निमंत्रण आलेले आहे."

पाच मिनिटं त्यांनी ऐकलं. दहाव्या मिनिटाला मागे कुणीतरी पानाचा डबा उघडला. तिसऱ्या रांगेत सुंदरा पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी कोंडाबाई. कोंडाबाईने तिला विचारलं, "काय म्हंतोय गं त्यो?"

आता सुंदराविषयी सांगायला हवं. ती खानापूरकडच्या रानालगतच्या खेड्यातली. आमच्या घरात आली तेव्हा सोळा वर्षांची होती, सिनेमाच्या वेळी चोवीस. अक्षर एक येत नव्हतं. इंग्रजीचं तर सोडाच. पण कोंडाबाईला तिने एका क्षणात उत्तर दिलं.

"त्यो म्हंतोय, मालक, तुमच्या खांद्यावर धूळ हाय, झाडू का? आन झाडता झाडता दोरी लावतोय बघ. माप घेतोय गं मुडदा!"

कोंडाबाई हसली. तिच्या पुढची वळली. "काय गं, काय?" सुंदराने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग आणखी चौघी वळल्या. पडद्यावर तो सुतार जाड्या न्यायाधीशाच्या कोटावरून हात फिरवत होता, आणि तो नेमकं काय बोलत होता ते मला कळत होतं. तो हवापाण्याबद्दल बोलत होता. मी तसं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. माझं भाषांतर बरोबर होतं हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

मत्सर या गोष्टीबद्दल लोक बोलतात तेव्हा ते आगीबिगीचं बोलतात. मला तसं काही झालं नाही. पायाखालचा पाट कुणीतरी हळूच ओढून घेतं आहे आणि आपण अजून त्यावर उभे आहोत असं दाखवत राहायचं आहे, असं काहीसं झालं. कंदील उगाच वरखाली करत मी उभी राहिले. दहा वर्षं मी या बायकांसाठी खपले होते. आरोग्यावर, सुईदोऱ्यावर, मुलांच्या खाण्यावर व्याख्यानं दिली होती. त्या येत, बसत, मान हलवत. "परत सांगा" असं मला आजवर एकीनेही म्हटलं नव्हतं.

आणि त्या हसत कुठे होत्या, ते बघण्यासारखं होतं. सगळ्या एकाच ठिकाणी हसत नव्हत्या.

जाडा न्यायाधीश सुताराच्या आग्रहाने भला मोठा अख्खा मासा एकट्याने खाऊन गुदमरला, तेव्हा यमुनाबाई हसल्या. वकिलांकडे जेवणाची पद्धत अशी, की वकील एकटे पाटावर बसणार, यमुनाबाई एकेक पुरी गरम तळून वाढणार आणि वकिलांचा ढेकर आल्यावर उरलं ते आपण खाणार. यमुनाबाई पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांच्या बांगड्या वाजायला लागल्या. मग कानांना हात लावून म्हणाल्या, "चुकलं गं बाई, चुकलं," आणि परत हसल्या.

दुसरा, शेजाऱ्यांच्या खिडक्यांत शिडी लावून डोकावणारा, शिडीवरून पडला. त्याला बऱ्याचजणी हसल्या. त्या खरं तर कुणाकुणाला हसल्या ते मी लिहीत नाही, त्यातले काही अजून हयात आहेत.

तिसरा गिरणीतला मुकादम. मजुरांवर ओरडत ओरडत मागे सरकला आणि रंगाच्या हौदात पडला, वर आला तो निळा. कोंडाबाई उभीच राहिली. वखारीत संध्याकाळी सुटताना तिथला मुकादम बायकांच्या ओच्यांची झडती घेई, तंबाखू चोरली का बघायला, आणि ती झडती कशी असे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

"परत दावा!" कोंडाबाई भिंतीकडे तोंड करून ओरडली. "ओ बाबूराव! तेवढंच परत दावा!"

"परत दावता येत न्हाय, कोंडाबाई," भिंतीपलीकडून आवाज आला. "म्होरं पळतंया ते."

"मग सुंदरा, तू परत सांग!"

आणि सुंदराने परत सांगितलं. मुकादमाचा आवाज काढून, हौदातला डुबुक काढून, वर आल्यावर निळ्या थोबाडाने त्याने आईला मारलेली हाक काढून. त्यातलं काही पडद्यावर झालेलं नव्हतं. चाळीस बायका शिंकत होत्या आणि हसत होत्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून. कुणाच्या डोळ्यातलं पाणी भुकटीचं आणि कुणाचं कशाचं, ते सांगता येत नव्हतं.

गोदाक्का हसल्या नाहीत. नवरा गेल्यावर त्या वीस वर्षं भावाच्या घरी राहत होत्या, भावजयीच्या हाताखाली. पहिला मेला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तीन राहिले." दुसरा मेला, "दोन राहिले." माझ्यासारखीच बाई, असं मला वाटलं, खुणा करत जाणारी. खेळ संपल्यावर कुणीतरी त्यांना थट्टेने म्हणालं, "झाले की गोदाक्का, संपले चौघं." त्या पायात वहाणा घालत होत्या. "त्याचे संपले," त्या म्हणाल्या.

मेजवानीचा प्रसंग मी मघाशी ओलांडून पुढे आले. तो पहिला मरण्याच्या आधीच आला होता, मापं घेता घेता सुताराला आठवला तसा. सुताराची बायको पहिल्यांदाच मोठ्या लोकांत जेवायला बसलेली. कुठला चमचा कधी उचलायचा तिला कळत नाही. ती रस्सा ओरपते आणि चौघे एकमेकांकडे बघतात. इथे हसावं अशी चित्रपट काढणाऱ्याची अपेक्षा असावी. कॅम्पातले गोरे हसलेही असते. इथे सुंदराने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "नवी सून जेवाय बसलीया. आन चौघंजण तिच्या घासाकडं बघाय लागल्यात." थिएटरात एकही हसली नाही. शिंकसुद्धा नाही.

सुंदरा आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा तिने भाकरी ताटातून उचलून डाव्या तळहातावर घेतली होती, वर चटणी. तिच्याकडे शेतात तसंच खातात. मी म्हणाले होते, "आपल्याकडे ताट असतं हं." सासूबाई हसल्या, हे हसले, धाकटे भाऊजीही हसले, ते तर तिचे यजमान. मी वाईट हेतूने बोलले नव्हते. नीट शिकवावं म्हणून बोलले. पण थिएटरात त्या वाक्यानंतर मी कंदील थोडा खाली घेतला, माझं तोंड दिसू नये म्हणून.

मग आला चौथा. हडकुळा, चष्म्याचा, गावाच्या सगळ्या कमिट्यांवर असलेला गृहस्थ. बोलताना बोटं मोजायची त्याला सवय. सुतार कबर खणायला उभा आहे आणि हा त्याला कबर कशी खणावी ते शिकवतो आहे. फर्स्टली, म्हणून एक बोट. सेकंडली, म्हणून दुसरं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं. त्याआधी सुंदराचा आवाज आला, आणि तो तिचा नव्हता. माझा होता.

"पहिली गोष्ट, भांडी पालथी घाला. दुसरी गोष्ट, चुलीत जाळ घालताना पदर सांभाळा."

तोच उभा आवाज. वाक्याच्या शेवटी मी ज्या जागी थांबते तीच जागा. बायकांना ओळखायला क्षण लागला नाही. दहा वर्षं व्याख्यानं ऐकली होती त्यांनी. सगळ्या माना पडद्यावरून माझ्याकडे वळल्या. पडद्यावर तो गृहस्थ बोट मोजत मोजत मागे सरकला आणि आपण सांगितलेल्या मापाच्या खड्ड्यात पडला.

"तिसरी गोष्ट खड्ड्यात गेली!" सुंदरा म्हणाली.

त्या हसण्यासारखं हसणं मी त्यानंतर निपाणीत ऐकलं नाही. गोणपाटं हलली. यमुनाबाई खुर्चीवरून खाली बसल्या. माझ्या सगळ्यांत शहाण्या, सगळ्यांत नियमित सभासद, ज्यांची नावं या कागदावर आहेत, त्या माझ्याकडे बघत हसत होत्या, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, मायाच होती, हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त दात दिसले. मी हसले. चिटणीस होते, हसणं भाग होतं. मग शिंकले. शिंकेचा उपयोग त्या दिवशी मला झाला.

शेवटी सुताराला पोलीस धरतात. चार खुनांचा त्यांना पत्ताच नसतो. रविवारी रंधा मारला म्हणून धरतात. मी सांगितलं, "त्या देशात रविवारी काम करणे धर्मबाह्य मानतात." कुणी हललं नाही. सुंदरा म्हणाली, "अवसेला रंधा मारला गं त्यानं! चार माणसं मारली ते चाललं, अवसेला रंधा मारलेला चालला न्हाय!" आमच्याकडे सुतार-लोहार अमावास्येला हत्यार उचलत नाहीत, त्यामुळे एका दमात सगळ्यांना कळलं आणि सगळ्या हसल्या. मी तिथेच उभी होते, हातात इंग्रजी कागद, आणि मला समजलं की तिने बरोबर सांगितलं आहे. शब्द चुकीचे, गोष्ट बरोबर. याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं नक्कलेचं वाटलं नाही. नक्कल कुणीही करील.

घरी येताना ती माझ्या दोन पावलं मागे होती. "आक्का," ती म्हणाली, "तुमचा आवाज जमला का ओ? किती दिस मनात बसला हुता."

"जमला," मी म्हणाले.

"राग न्हाय न्हवं आला?"

"राग कशाचा?"

खरं सांगायचं तर ती खोडसाळपणे विचारत होती की सरळ मनाने, हे मी आठ वर्षांत ठरवू शकलेले नाही. दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. तिच्या गालांवर थिएटरातली लाली अजून होती. चोवीस वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा सत्तर माणसांनी ऐकलेली. अशी लाली मी कितीही व्याख्यानं दिली तरी माझ्या गालांवर आली नसती, एवढं मला कळत होतं.

त्या रात्रीच्या जेवणात तिने सिनेमा पुन्हा सांगितला. चौथ्याला वगळून. पुरुषांची पंगत होती, ती वाढता वाढता सांगत होती. हे कधी जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी यांनी तिसऱ्यांदा भात मागितला, गोष्ट संपू नये म्हणून. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तूही होतीस ना तिथे? तू काही सांगितलं नाहीस."

"ती सांगतेच आहे की," मी म्हणाले आणि ताक वाढलं.

मग महिनाभर गावात तोच सिनेमा. पडद्यावर एकदाच झाला. दुसऱ्या दिवशी पेटी बेळगावला गेली आणि आमचा संत परत आला. गोऱ्यांनी तो अर्धा पाहिला, असं ड्रायव्हर सांगत होता. एकाने टोपी काढली म्हणे, पण उकाड्याने की भक्तीने ते त्याला कळलं नाही. आमच्याकडे मात्र सुंदराचा सिनेमा थांबेना. दारात बायका येत. "सिनेमावाल्या वहिनी हायत का?" शाळेच्या अंगणात मुली सुतारआप्पा खेळत. एकीने माप घ्यायचं, बाकीच्यांनी पळायचं. खेळाचे नियम नीट होते, ते मला मानावं लागलं. वखारीतल्या बायका दुपारी घसा साफ करायला गुळाचा खडा तोंडात टाकत. कोंडाबाईने एकदा तसा खडा सुंदरासाठी पाठवला. "बोलून बोलून घसा बसला आसंल तिचा," म्हणून. माझा घसा दहा वर्षं बसत होता.

हे सगळं कोत्या मनाचं आहे, मला समजतं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा कागद परवा जागेवर ठेवून दूध बघायला गेले असते.

त्या वर्षी प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरतेचा वर्ग काढायचं ठरलं. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दुपारी दोन ते तीन, शाळेच्या पडवीत. शिकवणार मी. पाट्या वीस मिळाल्या. नावं एकवीस आली. सुंदराने आपलं नाव सगळ्यांत आधी, सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. चुलीपुढे बसून म्हणाली, "आक्का, त्या विलायती कागदावर काय लिवलंतं ते तुमास्नी आधीच ठावं हुतं. मला पुढं काय हुणार ते कायबी ठावं न्हवतं. मला बी वाचाय शिकायचं हाय."

तिला माझं हवं होतं. तिच्याजवळ जे होतं ते माझ्याजवळ नाही हे तिला कळलंही नव्हतं, आणि माझ्याजवळ जे होतं तेवढंच फक्त तिला हवं होतं.

एक नाव गाळायला हवं होतं. कुणाचं, यावर मी एक संध्याकाळ विचार केला असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचार केला नाही. लेखणी पहिल्या नावावर गेली. कारण शेजारी लिहिलं: घरचीच आहे, घरी शिकवावी. कारण अगदी योग्य होतं. शाळेला, मंडळाला, यांना, सगळ्यांना पटलं. सुंदरालाही पटलं. "बरं झालं की," ती म्हणाली, "मला एकटीलाच आक्का शिकवणार." तिने चुलीजवळची जागा सारवून घेतली.

"आक्का, कवा बसायचं?" तिने विचारलं.

"जरा वर्गाची घडी बसू दे."

पावसाळ्याच्या तोंडाशी: "आक्का, आज बसू या का?"

"आज तपासायचे कागद आहेत."

गणपतीनंतर पुन्हा एकदा. मी काय सांगितलं ते आठवत नाही, काहीतरी कामाचंच असणार. मग तिने विचारणं सोडलं. त्या सुताराने काय केलं? आरडाओरडा नाही, विष नाही. फक्त नम्रपणे माप घेतलं आणि वाट पाहिली. मला हे तेव्हा सुचलं नव्हतं. गेल्या आठवड्यात, शिंकणाऱ्या वर्गात, पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना सुचलं, आणि खडू मोडला.

वर्ग उत्तम चालला. वीसपैकी सोळा जणी वाचायला लागल्या. कोंडाबाईने वर्ष संपताना वखारीच्या हजेरीवर अंगठा द्यायला नकार दिला आणि सही केली. यमुनाबाईंना आधीच येत होतं, त्या नुसत्या येऊन बसत. गोदाक्का पोथी वाचू लागल्या, भावजयीला न विचारता. हे सगळं माझ्या हातून झालं, आणि ते काही खोटं नाही.

१९४१ साली भाऊजींना खानापूरला लाकडाच्या डेपोवर नोकरी लागली. ती दोघं आणि त्यांची मुलगी शांता तिकडे गेली. निघताना सुंदराने सगळ्या घराला नमस्कार केला, चुलीलाही. मला म्हणाली, "आक्का, पत्र घालत जावा. मी कुणाकडून तरी वाचून घेईन." जाताना गाडीत बसल्यावर तिने गाडीवानाची नक्कल केली आणि आमचे सगळे रडता रडता हसले.

तिची पत्रं शांता लिहिते. दहा वर्षांची आहे, अक्षर गोल, शुद्धलेखन बरं. सुंदरा सांगते, ती लिहिते, आणि सुंदराचा आवाज मुलीच्या अक्षरातही लपत नाही. खानापूरला तिच्या अंगणात दुपारी बायका जमतात. ती त्यांना गोष्टी सांगते. रानातल्या, डेपोतल्या, ऐकलेल्या, न ऐकलेल्या. मागच्या पत्रात होतं, "इथल्या बायकांना तो विलायती सिनेमा सांगितला. आता सुताराची बायको शेवटी जिवंत होते असं करते. बायकांना तेच आवडतं." मला वाचून वाईट वाटलं, आणि लगेच वाटलं, हे मला का नाही सुचलं. आठ वर्षं झाली तरी पहिल्याच्या मागोमाग दुसरं येतंच.

परवा हा कागद सापडल्यावर मी तिला पत्र लिहायला बसले. आढेवेढे घेतले नाहीत, सरळ लिहिलं. तुझं नाव मी पाट्या कमी होत्या म्हणून गाळलं नाही. मला तुझा हेवा वाटत होता. तुला बोलता येतं, निदान वाचता तरी येऊ नये असं मला वाटलं. एका बाजूला तीन बोटांचा समास सोडून, नीट, खाडाखोड न करता लिहिलं. घडी घातली. पत्ता लिहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे पत्र शांता वाचणार. चुलीपुढे, मोठ्याने, बोट ठेवून, आईसमोर, बापासमोर, कदाचित अंगणातल्या बायकांसमोर. सुंदराला एकटीने वाचता येईल असं पत्र मी तिला लिहू शकत नाही. ती सोय मीच ठेवलेली नाही.

म्हणजे जायला हवं. समोर बसून तोंडाने सांगायला हवं, आणि तोंडाने सांगणं हे काम मला कधी जमलेलं नाही. मोटारीने बेळगाव, तिथून लोंढ्याकडची गाडी, दुपारपर्यंत खानापूर. जायला कठीण काही नाही. पाटी आणि अंकलिपी बरोबर न्यायची, बत्तीस वर्षांच्या बाईला अजूनही सहा महिन्यांत वाचायला येतं, हे मी सोळा जणींवर पाहिलेलं आहे. परीक्षा संपल्या की जावं असं मी गेल्या वर्षीही ठरवलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी सगळं सांगेन. ती ऐकून घेईल, हसेल, बहुधा माझा हातही धरेल. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात ती बायकांना ती गोष्ट सांगायला बसेल: एक होती मास्तरीणबाई, तिच्याकडं पाट्या हुत्या वीस. माझा आवाज काढेल, माझी लेखणी कशी नावावर गेली ते दाखवेल, आणि माझ्याहून कितीतरी चांगली सांगेल. खानापूरचं तिकीट मी अजून काढलेलं नाही.